लाभाचा दगड

धरणाच्या पोटातल्या दगडांची यादी फक्त माझ्याकडे होती, आणि ती फक्त माझ्याकडे आहे ही गोष्ट मला फार आवडायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी आखाडा बाळापूरला एका शाळेत ग्रंथपाल आहे. माहेर पुसेगावचं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा धरण जुनं झालं होतं, आणि धरणाखाली गेलेलं गाव वरच्या माळावर बसूनही बरीच वर्षं झाली होती. माणसं, जनावरं, पत्रे, दारं-खिडक्या सगळं वर आलं. देऊळ तेवढं उचलता आलं नाही. ते, त्याच्यासमोरचा घाट आणि आजूबाजूचे वीरगळ पाण्यात राहिले. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीत उभा केलेला कोरीव दगड. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीची पूजा. वर्षातले नऊ-दहा महिने हे सगळं पाण्याखाली असतं. एप्रिलच्या अखेरीला कळस दिसतो, मेमध्ये पाणी मागे हटलं की दगड एकेक करून वर येतात, आणि धरण भरायला लागलं की पुन्हा जातात.

बारा वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी फोटो काढायला म्हणून गेले. हे दगड कोणी मोजलेलेच नाहीत असं कळल्यावर मला चैन पडेना. पुस्तकाला दाखल क्रमांक नसला तर ते पुस्तक हरवलं हेसुद्धा कळत नाही. मी दगड मोजले. तेवीस भरले. काठाकडून सुरुवात केली, देवळाकडे गेले, प्रत्येकाला क्रमांक दिला. तेव्हापासून मेमधला दर रविवार तिकडे. स्कूटी, छत्री, मोजायची फीत, पाण्याच्या दोन बाटल्या आणि वही. वहीत रकाने आखलेले: जागा, उंची, कोरीवकाम, गेल्या वर्षी कसा होता, यंदा कसा आहे. कुठे मासेमारांच्या लोखंडी गळानं ओरखडा पडलेला, कुठे गुप्तधनाच्या आशेनं पायाशी खड्डा केलेला, एकदा तर कुणा भक्तानं अख्खा दगड निळ्या ऑइलपेंटनं रंगवून ठेवलेला. सगळं लिहून ठेवलं.

नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे. मे लागला की तो दुकानातूनच विचारायचा, "आली का गं तुझी माणसं माहेरपणाला?"

"बावीस आलेत. एक अजून गाळात आहे."

"मग थांबायला सांग त्याला. रविवारी गॅसवाला येणार हाय."

मी पुरातत्त्वाच्या कार्यालयाला अर्जही करत होते. दर वर्षी एक, सोबत वहीतल्या पानांच्या छायाप्रती. अर्ज कुणी वाचत असेल असं मला शेवटी-शेवटी वाटत नव्हतं, पण आवक क्रमांक पडत होता, म्हणून करत होते. गेल्या वर्षीच्या मेमध्ये एक साहेब खरोखरच आला. तिशीच्या आतबाहेरचा, उन्हानं लाल झालेला, बोलायला नम्र. घाटाच्या पायरीवर बसून त्यानं वही पहिल्या पानापासून बघितली.

"मॅडम, इतकं व्यवस्थित काम मी आमच्या ऑफिसातही बघितलेलं नाही."

हे वाक्य माझ्याजवळ साधारण वीस मिनिटं टिकलं. मग त्यानं मान वर करून विचारलं, "त्या कोण?"

पलीकडे गाळपेरवाली वाकून काकड्या तोडत होती. पाणी हटलं की मागे जो ओला गाळ राहतो त्यात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. तांड्यावरची ही बाई, वयानं माझ्याएवढीच, दर वर्षी तिथे काकडी, टरबूज आणि थोडा मूग लावायची. मी तिला बारा वर्षं ओळखत होते. म्हणजे बारा वर्षं मी तिला "बकऱ्या तिकडे बांधा" एवढंच म्हणत होते.

साहेब उठून तिच्याकडे गेला. मला म्हणायचा मॅडम. तिला पहिल्याच वाक्यात ताई.

"ताई, तुम्ही हे दगड रोज बघता का?"

"बघत न्हाई. दिसतात."

"आणि पाणी असतं तेव्हा?"

"तवा बी दिसतात की." तिनं कंबर सरळ केली. "ते थर्माकोलवर बसून मासे धरायला येतात न्हाई का, त्यांचं जाळं जिथं अडकतं तिथं दगड. जाळं अडकलं की शिव्या देतात. शिव्या कुठून येऊन राहिल्या ते ऐकलं की मला कळते, हा नऊ नंबरचा की देवळाजवळचा." नऊ नंबरचा हे तिनं माझ्याकडूनच ऐकलेलं होतं. "हिवाळ्यात वारा खालून आला की लाट घाटावर आपटते. वरून आला की उभ्या देवांवर, म्हंजे या दगडांवर. त्या अंगानं त्यांचं तोंड झिजलं, बघा तुमी. दुसऱ्या अंगानं न्हाई."

साहेबानं खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहायला लागला. मी मागे उभी होते. माझ्या वहीचे त्यानं मोबाईलवर फोटो काढले होते, पण त्यातलं काहीही लिहून घेतलं नव्हतं. तिचं मात्र तो लिहून घेत होता. मध्ये थांबवून विचारत होता, "वरून म्हणजे कुठून?" आणि ती काकडी धरलेल्या हातानं दिशा दाखवत होती.

परत जाताना तो मला म्हणाला, "पाण्याखालची जागा ती दिसत नसते तेव्हाच सांभाळावी लागते, मॅडम. दिसते तेव्हा कोणीही बघतं."

कोणीही, म्हणजे मी.

दिवाळीच्या सुमाराला तिला कार्यालयाकडून ओळखपत्र आलं, निरीक्षक म्हणून. सोबत रस्त्याच्या कामावर घालतात तसलं पिवळं जाकीट आणि दर महिन्याला भरायचा फॉर्म. मला पत्र आलं की आपण मार्गदर्शन करावे. मी ते पत्र फाईलला लावलं आणि दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलले नाही. नवऱ्यानं तिसऱ्या दिवशी विचारलं, "जाकीट पाहिजे का तुला? दुकानात पडलं हाय एक, फवारणीचं."

मी काय केलं तेही सांगते. वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या चुकांची यादी सुरू केली. नऊ नंबरला बकरी बांधली. देवळाच्या जोत्यावर मिरच्या वाळत घातल्या. फॉर्मवर तारीख नाही. फोटोत स्वतःची सावली. अठरा नंबरला कुंकू लावलं. शाळेत पुस्तकं देता-घेता मला एखादी आठवली की मी लगेच नोंदवायची. हिवाळ्यात मी तिकडे कधी जात नसे, त्या वर्षी तीनदा गेले. नुसत्या पाण्याकडे बघायला कोण जातं? मी गेले, कारण ती जाते की नाही ते बघायचं होतं. तिन्ही वेळा ती काठावर होती. एकदा तर एका मासेमाराशी भांडत होती, की गळ टाकायचा तर त्या कॅनच्या पलीकडे टाक. तिनं पाच लिटरचे रिकामे कॅन दोरीनं बांधून देवळाभोवती पाण्यावर तरंगत सोडले होते. कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी येऊन शेवटच्या पानावर लिहिलं: प्लास्टिक.

एका दगडावरून तर त्याआधी, मेमध्येच, आमचं उघड वाजलं होतं. काठाकडून पहिला जो वीरगळ, माझा क्रमांक एक, त्याच्या खालच्या पट्टीत जनावरांची रांग आहे. चोरांनी पळवलेल्या गाई सोडवताना माणूस मेला, असं मी वाचून लिहिलं होतं. तिला तो दगड फार प्रिय. ती म्हणायची, "हे आमचे बैल."

"बैल नाहीत. गाई आहेत."

"तुमाला काय माहीत? आमच्या आज्याचा आजा बैलावर मीठ-धान्य लादून हैदराबादला जायचा. एकामागं एक असेच चालतात लादलेले बैल. गाय अशी चालते का कधी? गाय चरत चालते."

"पुस्तकात गाई लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं गाय पाळली असंल का?"

तिथे तिचे दोन भाऊबंद उभे होते. ते हसले. मी तो दगड नीट बघितला. माना खाली नव्हत्या. मी पाण्याची बाटली काढली.

आणि एक प्रसंग असा की तो मला चुकांच्या यादीत लिहिता आला नाही. साहेब फेब्रुवारीत पाणीपातळी बघायला पुन्हा आला होता, तेव्हा तो आणि ती गेल्या मेमधले जवळून काढलेले फोटो मोबाईलवर बघत बसले होते. चार नंबरच्या दगडावर बारीक समांतर ओरखडे दिसत होते. साहेब म्हणाला, "हे तारेच्या ब्रशचे आहेत. कोणी घासला हा?"

मी घासला होता. पहिल्या वर्षी, अक्षरं वाचता येतील म्हणून, भांड्याच्या दुकानातून ब्रश आणून. दगड घासायचा नसतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गाळपेरवालीनं मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या वर्षी ती चार हातांवर मूग खुरपत होती.

"बकऱ्यानं शिंग घासली असतील," ती म्हणाली. "लई वांड जात, भिया."

भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. साहेब हसला. तिनं मला वाचवलं होतं, आणि मला त्याचा राग आला. ती माझ्यापेक्षा जास्त जाणते एवढं मी कसंबसं गिळलं होतं. आता ती माझ्यापेक्षा मोठ्या मनाचीही निघाली.

यंदाच्या मेच्या सुरुवातीला दगडांना टॅग बांधायचे ठरले. गाई-म्हशींच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो, तसलेच बिल्ले, एक ते तेवीस, नायलॉनच्या दोरीत ओवलेले. साहेबानं ते तिच्याकडे दिले. ती म्हणाली, "दगडाचे बी कान टोचता का आता?" कोणत्या क्रमांकाचा दगड कोणता, हे तिला माझ्याइतकंच पाठ होतं. बांधायचा दिवस ठरला तेव्हा माझी शाळेत पुस्तकमोजणी होती. मला जाता आलं नाही. खरं म्हणजे एक दिवस पुढे ढकलता आली असती. मला वाटलं, करू दे एकटीला, चुकेल.

आणि ती चुकली.

पुढच्याच मंगळवारी कार्यालयाकडून नव्या अधिकृत यादीची प्रत मला आली, माहितीसाठी. क्रमांक दोन ते तेवीस. एकूण दगड: बावीस. सोबत तिनं भरून पाठवलेल्या फॉर्मची छायाप्रत होती. तिच्या मोठ्या, गोल अक्षरात सगळ्यात वर लिहिलं होतं "लाभ", आणि त्याखाली २, ३, ४ असे आकडे, प्रत्येकापुढे "बांधला".

मला समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पुसेगावला आमच्या खळ्यावर वडील ज्वारी मोजायचे तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसत. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप देवाचं. त्याला एक म्हटलं तर बरकत जाते. तिनं दगड तसेच मोजले होते. तिच्या आवडीचा, बैलांचा दगड हा पहिला, म्हणून तो लाभ. लाभाला आकडा कसा बांधणार? त्याला तिनं हळदकुंकू वाहिलं असणार आणि पुढे गेली असणार. कार्यालयात यादी टाइप करणाऱ्याला, तो जो कोण असेल त्याला, कागदाच्या डोक्यावरचं "लाभ" बघून वाटलं असेल, वहीच्या सुरुवातीला शुभ लाभ लिहितात तसं काहीतरी आहे. त्यानं ते सोडून दिलं. मोजलं दोनपासून तेवीस, झाले बावीस.

त्या एका ओळीचं मोलही मला माहीत होतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली होती: काठाचा गाळ काढून शेतात टाकायचं काम यंदा होणार. साहेबानं गाळवाल्यांना कळवलं होतं की यादीतल्या दगडांभोवती झेंड्या लावू, त्याच्या आत मशीन घालायचं नाही. यादीत बावीस, म्हणजे झेंड्या बावीस दगडांभोवती. पहिला दगड काठाच्या सगळ्यात जवळ, सगळ्यात जाड गाळात, यंदा जवळजवळ वरपर्यंत पुरलेला.

मी फोन उचलला नाही. तीन आठवड्यांनी, गुरुवारी, साहेब पाहणीला येणार होता. मी माझ्या कामांच्या यादीत लिहिलं: गुरुवार, साहेब, वही नेणे. त्याच्यासमोर, तिच्यासमोर, सरपंच असला तर त्याच्याहीसमोर, मी वही उघडणार होते आणि म्हणणार होते की एक दगड राहिलाय. आवाज कसा ठेवायचा तेसुद्धा मी ठरवलं होतं. गाळाचं काम गुरुवारनंतरच सुरू होईल अशी मी स्वतःची समजूत काढली. फळ्यावर तारीख लिहिलेली नव्हती. ज्या बाईला फॉर्मवर तारीख नसली की खटकतं, तिला ते तेव्हा खटकलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला शाळेत फोन वाजला.

"मॅडम, कुठं हाय तुमी?"

"शाळेत. का?"

"वही हाय का संग?"

"कोणती वही?"

"बारा वर्षं कोणती वही घेऊन येऊन राहिल्या तुमी? तीच. घेऊन या. मशीन आलं. लाभावर उभं हाय."

वीस-बावीस किलोमीटर आहे. रस्ताभर गाळानं भरलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. दगडाला काय झालं असेल हा विचार मला अर्ध्या वाटेत आला. त्याआधी मी काय विचार करत होते तर, गुरुवारचं सगळं बिघडलं.

ती दगडावर बसली होती. भर दुपारी, अंगात पिवळं जाकीट, डोक्यावर पदर. समोर जेसीबी हात वर करून थांबलेला, मागे पाच ट्रॅक्टर. उपरण्यानं तोंड पुसत एक शेतकरी तिला समजावत होता.

"ए बाई, ऊठ की. गाळ काढून राहिलो, सोनं न्हाई."

"सोनं असतं तर उठले असते, दादा. तुमाला आवाज देऊन दाखवलं असतं. गाळ हाय म्हणून बसले."

"यादीत न्हाई म्हणतो ना डायवर. यादीत न्हाई तर दगडच हाय तो."

"यादीत न्हाई तर तुमी बी न्हाई. तुमाला उचलून टाकू का ट्रालीत?"

ट्रॅक्टरवाले हसले, तो शेतकरीही हसला. जेसीबीवाला परगावचा, वयस्कर. तो खाली उतरून माझ्याकडे आला. "मॅडम, मेरे को लिस्ट दिया है. झंडी के बाहर का खोदने को बोला. ये पूरा गाळ में दबा था, दिखा नहीं. पहला बकेट मारा तब..." त्यानं हातानं दाखवलं.

वरचा डावा कोपरा तुटून बाजूला पडला होता, पाटाएवढा. त्यावर पिंडी होती आणि पूजा करणारा माणूस अर्धा. उरलेला अर्धा दगडावर राहिला होता. तुटलेली जागा आतून स्वच्छ राखाडी दिसत होती.

मी वही उघडली. क्रमांक एक, बारा वर्षांचे फोटो, मापं. शेतकऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "बरी हाय. पण ही तुमची घरची वही. सरकारी कागदात न्हाई ना?" त्याचं बरोबर होतं. त्याला शेतात गाळ पाहिजे होता, ट्रॅक्टर भाड्याचा होता, ऊन वाढत होतं.

गाळपेरवालीनं साहेबाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. साहेबाला आधी काही उमजेना. मी खुलासा केला: लाभ म्हणजे पहिला, हेडिंग नाही. पलीकडे तो हळूच "अरे देवा" म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, पण यादीची प्रत तुम्हाला आली होती ना? तेव्हा लक्षात नाही आलं?"

जेसीबीचं इंजिन बंद होतं. सगळे ऐकत होते. नाही म्हणता आलं असतं. पुस्तकमोजणी चालू होती, गडबडीत राहिलं. ती माझ्याकडे बघत होती. बकऱ्यांच्या शिंगांसारखं काहीतरी ती माझ्यासाठी शोधते आहे, असं मला तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि ते मला सहन झालं नाही.

"आलं होतं," मी म्हणाले. "प्रत आली त्याच दिवशी. गुरुवारी सांगणार होते."

साहेबानं जेसीबीवाल्याला फोन द्यायला सांगितलं, काम थांबवलं, अर्ध्या तासात लेखी मेसेज येईल म्हणाला. तो आला. शेतकरी मशीन दुसऱ्या बाजूला घेऊन गेले. जाताना उपरणंवाला माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. ते मला ऐकू आलं, इथे लिहीत नाही.

ती दगडावरून उतरली. "प्रत कधी आली होती?"

"एकवीस दिवस झाले."

"मोजले बी?" ती म्हणाली.

मी वही मिटली.

"सकाळपासून तो डायवर मला म्हणून राहिला, तूच चुकलीस, तूच गिनती चुकलीस. मला बी वाटलं, चुकले असंन. रडू येऊन राहिलं होतं मला इथं बसून." तिनं जाकिटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "तुमच्याकडं लाभ म्हणत न्हाईत का, मॅडम?"

"म्हणतात."

"मग मी काय चुकले?"

"काही नाही."

"तुमी माझ्यावर काहून जळता तेच मला कळत न्हाई. मला तर अक्षर बी तुमच्यासारखं येत न्हाई."

हे तिला माहीत होतं. मला वाटायचं, ते फक्त वहीच्या शेवटच्या पानाला माहीत आहे.

साहेबानं सांगितलं होतं की तुकडा न्यायचा नाही, सिमेंट लावायचं नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून दगडाच्या पायाशीच पुरायचा, कोरीव बाजू वर, आणि मापं घेऊन ठेवायची. तो एकटीला उचलण्यासारखा नव्हता. आम्ही दोघींनी धरला.

"इकडून न्हाई. खालून धरा. तुमची बाजू वाकडी होऊन राहिली."

"धरलंय."

"धरलं न्हाई, टेकवलं तुमी. पोटाला लावा."

मी तो पोटाला लावला. ओल्या गाळानं साडी भरली. चार पावलांवर मला पुरायला जागा दिसली आणि मी वाकायला लागले, तर ती म्हणाली, "तिकडं न्हाई, त्या अंगानं लाट येते." मी तसंच वजन धरून उभी राहिले. बारा वर्षांत या दगडावर लाट कुठून येते हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मी विचारलं, "मग कुठे?" तिनं पाय आपटून जागा दाखवली. तिथे पुरला. मी चारही बाजूंची मापं घेतली आणि लिहिली. ती पोत्यावर पाणी मारत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

गुरुवारी साहेब आला. मला ओरडला नाही, आणि तेच जास्त लागलं. चहा घेतला, मापं बघितली, आणि नंतर तासभर तिच्याबरोबर काठानं फिरत राहिला. मी घाटावर छत्री घेऊन बसले. एक नंबरचा बिल्ला कुठे आहे विचारल्यावर ती म्हणाली, घरी धान्याच्या कोठीला बांधला, लाभाचा आकडा कुणी रानात टाकतं का? साहेबानं तो परत मागितला नाही. सुधारित यादीत त्यानं पहिल्या ओळीत क्रमांकाच्या जागी तिचाच शब्द ठेवला. माझा कुठलाही शब्द आजवर सरकारी कागदात गेलेला नाही; मापं गेली आहेत.

शेवटचं पान मी फाडलं. मोठेपणा म्हणून नाही; ती वही आता कार्यालयात नेऊन तिच्या छायाप्रती काढणार होते. हेवा मात्र गेला नाही. परवा आखाडा बाळापूरच्या बाजारात ती भेटली, टरबुजं विकत होती, जाकीट अंगातच. म्हणाली, "मॅडम, पाणी चढून राहिलं. लाभ गुडघाभर गेला." मी टरबूज घेतलं. घरी येईपर्यंत मनात एकच, की हे तिला माहीत आहे आणि मला तिनं सांगितल्यावर कळलं.

गेल्या आठवड्यात पाहणीचा अहवाल आला. त्यात त्या मंगळवारबद्दल एकच वाक्य आहे: स्थानिक निरीक्षकांच्या दक्षतेमुळे दगड वाचला. मी ते तीनदा वाचलं, चूक सापडते का बघायला. शुद्धलेखनाचीसुद्धा सापडली नाही.